मदत हवी आहे: एम ८३ मधला नवा तारा ओळखायचा कसा?

नमस्कार मंडळी,
मला आणि लेकीला एम ८३ ने वेड लावलंय. वासुकी तारकासमूहातली, सुमारे दीड कोटी प्रकाशवर्षं दूरची दंडसर्पिल (मध्ये दांडा असलेली, सर्पिल आकाराची) दीर्घिका. १९२३ ते १९८३ या काळात तिथे तब्बल सहा सुपरनोव्हा (ताऱ्यांचे स्फोट, जे नव्या ताऱ्यासारखे दिसतात) नोंदले गेले! पुढचा झाला तर तो आपल्याला ओळखता यावा, एवढीच इच्छा.

आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण आहे, पण सिंहगड रोडच्या गच्चीवरून दक्षिणेला नुसता उजेड. त्यात पुण्यातून ती जेमतेम ४१-४२ अंश वर येते. एप्रिल-मेमध्ये आकाश पाहायला शहराबाहेर वेल्ह्याकडे कुणी जातं का? आम्हीही येऊ.

खरी अडचण वेगळीच. आपल्याच आकाशगंगेतले तारे तिच्यावर पसरलेले दिसतात. नवा ठिपका त्यांतला नाही हे ताडून पाहायला, ताऱ्यांच्या प्रती (तेजस्वितेचे आकडे) दिलेला नकाशा कुणाकडे आहे का?