मिसेस सीनियर बरोबर होत्या की टफनेल? इंग्लंडमधील निराधार मुलांच्या मोठ्या शाळांविषयी

शिशिरपान (धागा सुरू करताना)

एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडच्या वर्कहाऊसविषयी, म्हणजे निराधारांना ठेवण्याच्या सरकारी आश्रयगृहांविषयी, वाचताना माझे मन दर वेळी एकाच प्रश्नापाशी अडते. त्या इमारतींमध्ये मुलांना ठेवलेच का होते? १८३४ च्या नव्या गरीब कायद्यामागचा विचार असा होता की धडधाकट माणसाला सरकारी मदत हवी असेल तर त्याने वर्कहाऊसमध्ये यावे, आणि तिथले जिणे बाहेरच्या सर्वांत गरीब मजुराच्या जिण्याहून खालच्या पायरीचे असावे, म्हणजे अगदी नाइलाज झाल्याशिवाय कोणी ते दार ठोठावणार नाही. हा धाक मोठ्यांसाठी होता. परंतु १८३९ साली वर्कहाऊसमध्ये राहणाऱ्यांपैकी जवळपास निम्मी सोळा वर्षांखालची मुले होती. बाप मेला, आईला काम मिळाले नाही, एवढाच ज्यांचा अपराध, त्यांना धाक घालून काय साधणार होते?

बेडफर्डच्या गार्डियन मंडळाने, म्हणजे करदात्यांनी निवडून दिलेल्या स्थानिक व्यवस्थापकांनी, १८३६ साली चक्क अशी परवानगी मागितली की वर्कहाऊसमधील मुलांना वाचायला शिकवू, पण लिहायला नको. बाहेरच्या मजुराच्या मुलाला लिहिता येत नसताना आश्रिताच्या मुलाला ते का यावे, असा त्यांचा हिशेब होता.

यावर उपाय म्हणून डिस्ट्रिक्ट शाळा निघाल्या. १८४४ च्या कायद्याने अनेक युनियनना, म्हणजे गरिबांच्या मदतीसाठी एकत्र केलेल्या गावांच्या गटांना, एकत्र येऊन शहराबाहेर मुलांसाठी स्वतंत्र निवासी शाळा बांधण्याची मुभा मिळाली, आणि पुढे लंडनभोवती हॅनवेल, सटन, अनर्ली अशा प्रचंड संस्था उभ्या राहिल्या. हेतू चांगला होता, हे मी मान्य करते. मुलांना वर्कहाऊसच्या आवारातून बाहेर काढणे हेच मोठे पाऊल होते. पण एका छताखाली हजारभर मुले ठेवली की शाळेची बराक होते, आणि लोक त्यांना पुढे बराक शाळा म्हणूही लागले.

१८७३ साली गरीब कायद्याचे काम पाहणाऱ्या खात्याचे मंत्री जेम्स स्टॅन्सफेल्ड यांनी जेन नसाऊ सीनियर यांना निरीक्षक नेमले. सरकारी निरीक्षकपदावर आलेल्या त्या पहिल्या स्त्री. शाळेच्या इमारती पाहून त्या थांबल्या नाहीत. १८७१ आणि १८७२ मध्ये लंडनच्या शाळांतून घरकामाच्या नोकरीवर गेलेल्या मुलींचे पुढे काय झाले, याचा त्यांनी शोध घेतला. १८७४ च्या अहवालात त्यांनी सांगितले की शिक्षण, शिस्त, स्वच्छता यांच्या पलीकडे या मुलींना आईपणाची माया हवी आहे आणि ती मोठ्या संस्थेत मिळत नाही. म्हणून अनाथ मुलींना साध्या कुटुंबांत ठेवावे, आणि शाळा हवीच असेल तर ती लहान आणि घरासारखी असावी. या मुलांच्या शाळांची तपासणी ज्यांनी अनेक वर्षे केली होती, त्या एडवर्ड कार्लटन टफनेल यांनी हा अहवाल जाहीरपणे खोडून काढण्याचा प्रयत्न केला.

माझे मत असे आहे की सीनियर बरोबर होत्या, आणि टफनेल यांची बाजू ही मुलांपेक्षा व्यवस्थेवर अधिक प्रेम करणाऱ्या माणसाची बाजू होती. ज्यांना हे मान्य नाही त्यांनी अवश्य लिहावे.

मोडीवाचक

मला हे मान्य नाही. टफनेल यांना व्यवस्थेचा भक्त ठरवण्यापूर्वी त्यांनी मागे काय पाहिले होते ते लक्षात घ्यायला हवे.

मोठ्या सरकारी शाळा निघण्यापूर्वी लंडनची कित्येक मंडळे आपली मुले दर माणशी ठरावीक रकमेवर खासगी ठेकेदाराकडे सोपवत असत. टूटिंग येथे बार्थोलोम्यू ड्रूए या गृहस्थांकडे अशी सुमारे १,४०० मुले होती. एका मुलामागे आठवड्याला साडेचार शिलिंग मिळत. जेवढे कमी खाऊ घालावे तेवढा नफा अधिक, हे उघड होते. १८४८ मध्ये हॉलबर्न युनियनचे गार्डियन पाहणीसाठी तिथे गेले असता त्यांनी मुलांना विचारले की कोणाची तक्रार असेल तर हात वर करा. कित्येक मुलांनी हात वर केले. पोटभर पाव मिळत नाही, असे ती सांगू लागली, तेव्हा ड्रूए गार्डियनांच्या देखत त्यांच्यावर भडकला आणि त्यांना शिव्या देऊ लागला. गार्डियन परत गेले आणि मुले तिथेच राहिली. त्यानंतरच्या जानेवारीत कॉलरा पसरला आणि सुमारे १८० मुले मेली. ड्रूएवर त्यांपैकी एका मुलाच्या मृत्यूबद्दल सदोष मनुष्यवधाचा खटला झाला, पण नीट सांभाळ झाला असता तर ते मूल कॉलऱ्यातून वाचलेच असते असे सिद्ध करता येत नाही, म्हणून तो सुटला.

डिस्ट्रिक्ट शाळा हे या प्रकाराला दिलेले उत्तर होते. तिथे नफा कमावणारा कोणी नव्हता, प्रशिक्षित शिक्षक होते आणि सरकारी निरीक्षक येत. १८७० पर्यंत इंग्लंडमध्ये सर्वांसाठी प्राथमिक शिक्षणाचा कायदाच नव्हता. मजुराचा मुलगा शेतात पाखरे हाकलत असताना हॅनवेलचा निराधार मुलगा अर्धा दिवस वर्गात बसत होता आणि उरलेला अर्धा दिवस शिवणकाम किंवा चांभारकाम शिकत होता. शाळेच्या बँडमध्ये वाजवायला शिकलेली मुले पुढे सैन्याच्या बँडमध्ये गेली आणि त्यांचे आयुष्य मार्गी लागले. बेडफर्डचा दाखला आपणच दिला आहे. त्या वृत्तीविरुद्ध लढून ज्यांनी निराधार मुलाला वर्ग, फळा आणि हातात कसब दिले, त्यांत टफनेल होते.

आडवाट

मी काही वर्षे मुलींच्या एका वसतिगृहात काम केले आहे, म्हणून सीनियरबाईंच्या अहवालाचा मुद्दा माझ्या परीने सांगते. आमच्याकडची सतरा वर्षांची एक मुलगी गणितात हुशार होती. तिला एकदा अर्धा किलो साखर आणायला पाठवले. साखरेची पुडी हातात आल्यावर ती दुकानदाराने सुटे पैसे परत देण्याची वाट न पाहता निघून आली. तिने आयुष्यात कधी काही विकत घेतलेच नव्हते. कागदावरची वजाबाकी तिला पक्की येत होती.

लंडनच्या शाळांतून घरकामाला गेलेल्या मुलींविषयी त्या काळी हीच तक्रार होती. शेकडोंच्या स्वयंपाकघरात भांडी घासलेल्या मुलीला लहान घरातली चूल सांभाळता येत नसे, पैशाचा व्यवहार ठाऊक नसे, आणि नव्या घरात ती अचानक एकटी पडत असे, कारण त्याआधी ती एक दिवसही एकटी राहिलेली नसे. मोडीवाचक यांचे टूटिंगविषयीचे म्हणणे खरे आहे, पण टूटिंगपेक्षा बरे असणे ही फारच खालची कसोटी झाली.

तांबडफुटी

आरोग्याचा मुद्दा कोणी काढला नाही, म्हणून लिहितो. या शाळांमध्ये डोळ्यांचा संसर्ग हटता हटत नसे. सीनियर यांचा अहवाल आला त्याच १८७४ साली नेत्रवैद्य एडवर्ड नेटलशिप यांनी लंडनच्या निराधार शाळांतील डोळ्यांच्या रोगावर अहवाल दिला. एका टॉवेलने अनेकांनी तोंड पुसायचे आणि एकाच पाण्यात अनेकांनी हात बुडवायचे, अशा ठिकाणी एका मुलाचा डोळा लाल झाला की सगळ्या दालनाचे डोळे लाल होतात. त्यातून कित्येकांची दृष्टी कायमची अधू झाली. हा एखाद्या निष्काळजी अधीक्षकाचा दोष म्हणता येणार नाही, कारण तो मुलांच्या संख्येतूनच निर्माण होत होता. पुढे १८९० च्या पहिल्या रात्री फॉरेस्ट गेटच्या शाळेला आग लागून २६ मुलगे मेले, तेव्हाही एका इमारतीत इतकी मुले का झोपवायची हाच प्रश्न उभा राहिला. १८९६ साली या शाळांची चौकशी करणाऱ्या मुंडेला समितीने बराक शाळांच्या विरोधात मत दिले, ते सीनियर यांच्या अहवालानंतर बावीस वर्षांनी.

मोडीवाचक

डोळ्यांच्या रोगाबद्दल मी वाद घालणार नाही. तो या शाळांवरचा सर्वांत गंभीर आक्षेप आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

पण कुटुंबात ठेवणे हा पर्याय इतका निर्दोष होता का? १८७० च्या आदेशाने अनाथ आणि टाकून दिलेल्या मुलांना युनियनच्या हद्दीबाहेरही खेड्यातल्या कुटुंबांकडे ठेवता येऊ लागले, आणि त्यासाठी आठवड्याला जास्तीत जास्त चार शिलिंग देता येत. केंब्रिजचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक हेन्री फॉसेट यांनी त्याला कडाडून विरोध केला, कारण इतके पैसे तर मजुराला स्वतःच्या मुलावर खर्च करता येत नाहीत. त्यांचा युक्तिवाद मला कठोर वाटतो. परंतु त्याच व्यवहाराची दुसरी बाजू पाहा. चार शिलिंगांसाठी मूल घरात घेणारा माणूस हा छोटा ड्रूएच असण्याचा धोका होता, आणि हजार मुलांच्या शाळेत निरीक्षक एका दिवसात जाऊन येऊ शकतो, तसे हजार झोपड्यांत जाऊ शकत नाही.

हे केवळ अनुमान नाही. जानेवारी १९४५ मध्ये श्रॉपशायरमधील एका शेतावर पालनासाठी ठेवलेला बारा वर्षांचा डेनिस ओ'नील मारहाण आणि उपासमार यांमुळे मेला. त्याला तिथे ठेवणाऱ्या प्रशासनाने पुरेशी देखरेख केली नव्हती. कुटुंबात ठेवले म्हणजे माया मिळतेच, हे गृहीतक त्या मुलाला महागात पडले.

शिशिरपान

ओ'नील प्रकरणाचा मुद्दा वजनदार आहे आणि मी तो टाळणार नाही. मात्र त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. त्या मृत्यूनंतर चौकशी झाली, आणि कर्टिस समितीच्या अहवालानंतर १९४८ चा बाल कायदा आला, तेव्हा कोणी पुन्हा हॅनवेल बांधा असे म्हटले नाही. कुटुंबात ठेवण्याची पद्धत कायम राहिली आणि देखरेखीसाठी प्रत्येक स्थानिक प्रशासनाला बाल अधिकारी नेमणे भाग पडले. देखरेख हवी, हे सीनियर यांनाही मान्य होते. १८७० च्या आदेशातही मुलांना भेट देणाऱ्या स्थानिक समित्यांची तरतूद होती.

शिवाय मोठी शाळा आणि एकटी झोपडी एवढे दोनच मार्ग नव्हते. शेफील्डच्या मंडळाने १८९३ पासून शहरातल्या साध्या वस्त्यांमध्ये घरे घेतली, प्रत्येक घरात थोडी मुले आणि एक सांभाळणारी बाई ठेवली, आणि ही मुले शेजारच्या मुलांबरोबर तिथल्याच नेहमीच्या शाळेत जाऊ लागली. त्यांच्या अंगावर गणवेश नव्हता आणि त्यांच्या घरावर पाटी नव्हती. रस्त्यावरून चालताना ती कोणाची मुले आहेत हे कोणाला कळत नसे. बेडफर्डच्या हिशेबाला इतके चांगले उत्तर मला दुसरे सापडलेले नाही.

कमानवेस

दोन्ही बाजू वाचून मला चार्ली चॅप्लिन आठवतो. १८९६ साली सात वर्षांचा असताना तो लँबेथच्या वर्कहाऊसमधून हॅनवेलला आला आणि सुमारे दीड वर्ष तिथे होता. नायटा झाला म्हणून त्याचे डोके भादरून त्यावर आयोडीन फासले होते, आणि अशा मुलांना इतरांपासून वेगळे ठेवत. आपले नाव लिहायलाही तो तिथेच शिकला. या दोन्ही गोष्टी त्याने स्वतः सांगितलेल्या आहेत, आणि मला त्यांतली एक पुसून दुसरी ठेवता येत नाही. लंडनच्या पॉपलर भागातल्या विल क्रुक्स यांचेही तसेच आहे. लहानपणी १८६१ साली ते भावंडांसह वर्कहाऊसमध्ये गेले, तिथून त्यांना सटनच्या शाळेत पाठवले गेले, आणि पुढे ते त्याच पॉपलरच्या गार्डियन मंडळाचे अध्यक्ष आणि १९०३ साली खासदार झाले.

पण माझा खरा आक्षेप या चर्चेच्या चौकटीवरच आहे. सीनियर आणि टफनेल यांच्या वादात सर्वांत मोठा गट बाजूला राहतो. कुटुंबात ठेवण्याची तरतूद अनाथ आणि टाकून दिलेल्या मुलांपुरती होती. वर्कहाऊसमधील कितीतरी मुलांचे आईबाप जिवंत होते. बापाने काही तासांची सूचना देऊन बाहेर पडायचे ठरवले की साऱ्या कुटुंबाला त्याच्याबरोबर जावे लागे. मग दोन-चार दिवस रस्त्यावर काढून पुन्हा तीच नोंद, तीच आंघोळ, तेच संस्थेचे कपडे, आणि आईपासून तीच ताटातूट. अशा मुलाला हॅनवेलचा वर्गही लाभत नसे आणि खेड्यातले घरही. १८८९ च्या कायद्याने टाकून दिलेल्या मुलांवर पालकाचा हक्क गार्डियन मंडळाला घेता येऊ लागला, पण ये-जा करणाऱ्या मुलांची आई त्यांना टाकत नव्हती. ती त्यांना दर वेळी बरोबर घेऊनच येत होती.

शिशिरपान

कमानवेस, आपला आक्षेप मला मान्य आहे. सीनियर यांनी कायमची मुले आणि ये-जा करणारी मुले वेगळी ठेवावीत असे सुचवले होते, पण त्यामागे पहिल्या गटाला दुसऱ्याची बाधा होऊ नये ही काळजी अधिक दिसते. त्या दुसऱ्या मुलाचे काय करावे, याचे नीट उत्तर त्यांच्याकडे नव्हते, हे मी मूळ लेखात लिहायला हवे होते.

मोडीवाचक

टफनेल यांच्याकडेही ते नव्हते. त्या आईला बाहेर राहूनच आठवड्याला काही शिलिंग नियमाने मिळाले असते, तर ते मूल ना शाळेत पाठवावे लागले असते ना परक्या कुटुंबात. पण १८७० नंतर लंडनमध्ये हीच घरपोच मदत जाणूनबुजून कमी केली गेली, आणि विधवांनी आपल्यापैकी काही मुले वर्कहाऊसकडे द्यावीत, असेही त्यांना सुचवले जाई. तीन वर्षांहून मोठ्या निरोगी मुलाला वर्कहाऊसमध्ये ठेवू नये, असा आदेश निघायला १९१३ साल उजाडले.