मदत हवी आहे : थुंब्याला इंटर्नशिप मिळाली, पण कॉलेजला दर आठवड्याला फोटो पाहिजे

नमस्कार मंडळी. मी सोलापूरची, मेकॅनिकलचं तिसरं वर्ष. तिरुअनंतपुरमला थुंब्यात इस्रोचं विक्रम साराभाई अंतराळ केंद्र आहे, तिथे उन्हाळी इंटर्नशिपचा अर्ज केला होता, तो मंजूर झालाय. घरी पेढे वाटून झाले, आता खरी डोकेदुखी सुरू आहे.

इस्रोच्या नियमाप्रमाणे इंटर्नशिप जास्तीत जास्त ४५ दिवसांची. आमच्या कॉलेजच्या परिपत्रकात आठ आठवडे, म्हणजे ५६ दिवस. शिवाय दर आठवड्याला कामाच्या जागेचा जिओटॅग (ठिकाणाची नोंद असलेला) फोटो आणि शेवटी स्क्रीनशॉटसकट अहवाल. गेटच्या आत फोन नेता येत नाही म्हणतात, मग फोटो काढायचा कशाने? विभागात विचारलं तर "बाकीची मुलं अपलोड करतात की" एवढंच उत्तर. बाकीची मुलं चिंचोळी एमआयडीसीत जातात हो! एका सीनिअरने सांगितलं, गेटबाहेर उभी राहून फोटो काढ आणि टाकून दे. सुरक्षा असलेल्या जागेसमोर असले उद्योग करायची माझी तरी हिंमत नाही.

दुसरं, विषयाबद्दल. केंद्रातल्या गाइडनी मेलमध्ये विणलेल्या कार्बन कापडाचं कॉम्पोझिट (कापड आणि रेझिन मिळून केलेला पदार्थ) असा विषय दिलाय आणि लॅमिनेट थिअरी, म्हणजे एकावर एक चिकटवलेल्या थरांचं गणित, वाचून या म्हटलंय. आमच्या अभ्यासक्रमात कॉम्पोझिटला जेमतेम दोन पानं आहेत. गंमत म्हणजे घरातच यंत्रमागाचा धंदा, पप्पा अक्कलकोट रोडला टॉवेल विणतात. त्यांना आठ हार्नेसच्या सॅटिन विणीचं चित्र दाखवलं. बोटाने मोजून म्हणाले, "सात वर, एक खाली. हे कापड वळणावर छान बसेल, पण कापलं की कडेची सुतं सुटणार." पुस्तकात नेमकं हेच लिहिलंय. पण पप्पांच्या ज्ञानावर गाइडसमोर किती वेळ टिकणार? सुरुवात कुठून करू?

तिसरं, राहायचं. थुंब्याजवळ एक पीजी मिळतंय, मालक दोन महिन्यांचं भाडं आगाऊ मागतो. देऊन टाकू का?

प्रतिसाद : जुना_प्रशिक्षणार्थी

अभिनंदन! आधी खोलीचं सांगतो. पैसे अजिबात देऊ नकोस. केंद्र एका जागी नाही. थुंबा समुद्राकाठी आहे, आणि कॉम्पोझिटचं काम वट्टियूरकावूला चालतं, ते शहराच्या दुसऱ्या अंगाला. तुझा विषय बघता तिकडेच जावं लागण्याची शक्यता जास्त. गाइडना सरळ विचार, मग खोली बघ. १ जूनच्या आसपास तिथे पाऊस सुरू होतो. रोज दोन बस बदलत भिजत जाण्यापेक्षा चालत जाता येईल अशी जागा घे.

आता अहवाल. आत केलेलं काम गाइडनी तपासून मंजुरी दिल्याशिवाय बाहेर येत नाही, पेनड्राइव्ह वगैरे विसर. म्हणून अहवालाचे पहिल्यापासून दोन भाग कर. एक भाग घरी बसून, उघड माहितीवर. टी-३०० कार्बन फायबरचे गुणधर्म कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळतात, फायबरचा मॉड्युलस (ताठरपणाचं माप) साधारण २३० गिगापास्कल. पायथनमध्ये लॅमिनेटचं ए-बी-डी मॅट्रिक्स (सगळ्या थरांचा मिळून ताठरपणा सांगणारे आकडे; ए ओढण्याचा, डी वाकण्याचा, बी दोन्हींच्या संबंधाचा) काढायचा छोटा कोड स्वतः लिही. थर मधल्या पातळीच्या दोन्ही बाजूंना सारखे ठेवलेस तर बी मॅट्रिक्स शून्य आलं पाहिजे. नाही आलं तर कोडमध्ये घोळ आहे, बहुतेक वेळा थरांची उंची मोजताना चिन्ह चुकतं. हे सगळं तुझं स्वतःचं, स्क्रीनशॉट हवे तेवढे टाक. दुसऱ्या भागात आत केलेल्यापैकी गाइड सही करतील तेवढंच.

आणि पप्पांना कमी लेखू नकोस. साध्या विणीत सूत प्रत्येक आडव्या सुतावरून खाली-वर वळतं. ते वाकडं गेलेलं सूत ओढलं की आधी सरळ व्हायला बघतं, म्हणून ताठरपणा घटतो. सॅटिनमध्ये वळणं कमी, म्हणून त्या बाबतीत सॅटिन सरस. हे पहिल्याच भेटीत सांगितलंस तर गाइड खूश होतील.

प्रतिसाद : कडकभाकरी

कॉलेजशी तोंडी बोलत बसू नका, लेखी अर्ज द्या. मंजुरीचं पत्र जोडा, ४५ दिवसांची मर्यादा आणि फोनबंदी स्पष्ट लिहा, फोटोऐवजी गाइडच्या सहीचं हजेरीपत्रक चालेल का ते विचारा. उरलेले ११ दिवस त्या घरच्या कोडच्या कामाला धरता येतील. आवक शिक्का मारलेली प्रत जवळ ठेवा, नंतर "आम्हाला माहीतच नव्हतं" ऐकायची वेळ येत नाही.

पुण्याहून कन्याकुमारीला जाणारी गाडी सोलापूरवरून थेट तिरुअनंतपुरमला जाते. तिकीट आजच बघा. शेंगाची चटणी भरपूर न्या, तिकडचा जाड लाल भात पहिले काही दिवस उतरत नाही घशाखाली. वडील सोडायला येणार असतील तर थुंब्याचं जुनं चर्च त्यांना दाखवा, आता तिथे संग्रहालय आहे. २१ नोव्हेंबर १९६३ ला उडालेल्या पहिल्या रॉकेटची तयारी त्याच इमारतीत झाली होती. आत जायचे नियम आधी विचारून घ्या.

धागाकर्ती

खूप आभार दोघांचे. पीजीवाल्याला थांबा म्हणून कळवलं, गाइडना मेल टाकलाय. दादा, त्या कोडसाठी विणलेल्या कापडाचा एक थर शून्य आणि नव्वद अंशांचे दोन थर धरून चालेल का, की वळणांसाठी ताठरपणा वेगळा कमी करावा लागतो? आणि असा अर्ज कुणी विभागप्रमुखांना आधी दिला असेल तर मजकूर इथे टाका ना, सोमवारी द्यायचाय.