मदत हवी आहे : नवऱ्याला बायपोलर, आणि माझं सगळं लक्ष फक्त लक्षणांकडे

नमस्कार मंडळी,

मी नागपूरची. नवऱ्याला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी अति उत्साहात (उन्माद) तर कधी खोल नैराश्यात जाण्याचा आजार. त्यावरचं लिथियम हे औषध चालू आहे, डॉक्टर चांगले आहेत, नोकरी टिकून आहे. त्यामुळे औषधं सोडा, अमुक बाबांकडे न्या असले सल्ले कृपया नकोत. अडचण आमच्या दोघांतली आहे.

मे महिन्यात इथे पारा ४५ च्या आसपास. घाम जाऊन अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढू शकतं. हात जास्त थरथरले, उलट्या-जुलाब झाले, तोल जाऊ लागला तर लगेच डॉक्टरांना गाठायचं. अंगदुखीवर मनानेच आयबुप्रोफेनही घ्यायची नाही. म्हणून माझं दिवसभर चालू असतं : पाणी प्यायलात का, गोळी झाली का, झोप लागली का.

परवा रात्री दोनला उठून ते कूलरच्या ताट्या बदलायला बसले. एखादी म्हणाली असती, बरं झालं, काम उरकलं. मी विचारलं, "झोपला होतात की नाही?" हातातली ताटी खाली ठेवून म्हणाले, "मला साधा उत्साहही येऊ नये का गं?"

त्यांचं खरंच आहे. पण मागच्या वेळी उन्मादाची सुरुवात झोप उडण्यापासूनच झाली होती आणि त्यात घरातली शिल्लक गेली. मुलगी सातवीत आहे. बाबा मोठ्याने हसले की ती आधी माझ्या चेहऱ्याकडे बघते. हे मला फार लागतं.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार, पुढे आजार बळावला तर उपचार कसे व्हावेत, कसे नकोत हे माणूस बरा असताना लिहून ठेवू शकतो, आपला प्रतिनिधीही नेमू शकतो. हे म्हणतात, "प्रतिनिधी माझा भाऊ होऊ दे, तू बायको राहा." ऐकून आधी वाईट वाटलं, मग पटलं.

कोणाकडे असं केलंय का? कुठली खूण दिसली की कोणी बोलायचं, एटीएम कार्ड कोणाकडे द्यायचं, हे दोघांनी बसून ठरवलंत का? दिराने जबाबदारी घेतल्यावर नवरा-बायकोत मोकळेपणा आला का? टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मी बोलले, धीर आला. पण असं घर चालवणाऱ्या बाईशी बोलायचंय. नागपुरात नातेवाइकांचा आधारगट असेल तर सांगा. आणि सातवीतल्या मुलीला किती सांगावं, तेही.