काउंटरवर जाणं टळत नसेल तर

किडनी ट्रान्सप्लांट झालेले मिस्टर कोविडच्या लाटेतही बँकेत कामाला जातात म्हणून तुम्ही रोज त्यांची बॅग, डबा पुसत बसता. त्यापेक्षा मास्ककडे बघा, धोका हवेतून जास्त. एन-९५ डोक्यामागून पट्ट्या असलेला घ्या; कानात अडकवायचे बहुतेक गालाशी फट ठेवतात. दाढी असेल तर तो नीट बसतच नाही. धुऊ नका, सॅनिटायझर मारू नका, गाळणीच्या थराचा कण पकडणारा विद्युतभार जातो. खरी गडबड जेवणाच्या सुट्टीत, मास्क उतरल्यावर! त्यांनी एकट्याने, उघड्यावर जेवावं. ट्रान्सप्लांटनंतर चालू असलेल्या स्टेरॉइडमुळे ताप दबू शकतो, नुसत्या थर्मामीटरवर विसंबू नका. ऑक्सिमीटर लावण्याआधी ५ मिनिटं शांत बसवा, बोट गार नको. ऑक्सिजनचा आकडा ९४ टक्क्यांच्या खाली टिकला तर लगेच डॉक्टर गाठा. टॅक्रोलिमस (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणूनची गोळी) मात्र मनाने बंद करायची नाही.