विषय: धाकट्याला एअरसॉफ्टची टीम पाहिजे (आणि बंदूक दुकानात अडकलीय)

प्रेषक: माई (राजारामपुरी, कोल्हापूर)

मंडळी, नमस्कार.

तिकडं ब्रिटनमध्ये आपल्या मंडळातलं एअरसॉफ्ट (ते प्लॅस्टिकच्या गोळ्यांच्या बंदुकांचं) कोण कोण खेळतं? बंडू खेळतो एवढं माहीत आहे, बाकीचे? आमचा धाकटा मुलगा मागच्या आठवड्यात तिकडं पोचला आणि कॉलेज सुरू व्हायच्या आत त्याला टीम पाहिजे. इथं पाटाकडील तालमीकडनं फुटबॉल खेळायचा, तिथं गेल्या गेल्या म्हणतो आता हेच. त्यानं दोन-तीन टीमना निरोप टाकले. एकानं विचारलं, तुझं स्वतःचं सामान आहे का? झालं, हा दुकानात जाऊन निम्मे पैसे भरून आला. आता दुकानदार बंदूक देईना, म्हणतो नंबर आण. कसला नंबर?

ज्याच्याकडं तो नंबर असेल त्यानं जरा स्वतःच्या नावावर उचलून द्यावी. राहिलेले पैसे लगेच पाठवते. आणि मागच्या खेपेसारखं 'सचिवांना विचारा' म्हणू नका, सचिव फोन उचलत नाहीत.

माई

---

प्रेषक: बंडू

माई,

नंबर म्हणजे यूकाराचा. इथल्या एअरसॉफ्ट दुकानदारांच्या संघटनेनं खेळाडूंची यादी ठेवलीय. त्यात नाव असलं की दुकान खऱ्यासारखी दिसणारी बंदूक विकतं. नाव लागायला वय अठरा पूर्ण पाहिजे आणि त्यांच्याकडं नोंद असलेल्या मैदानावर किमान तीनदा खेळलेलं पाहिजे, तेही कमीत कमी ५६ दिवसांच्या अंतरात. एका शनिवार-रविवारी उरकून टाकलं असं चालत नाही. आत्ता सुरू केलं तर नोव्हेंबर उजाडेल. हे सगळं २००६ च्या कायद्यामुळं, १ ऑक्टोबर २००७ पासून असंच चाललंय. दुकानदारावर चिडू नका, तो बरोबर वागतोय.

आता टीम. धाकट्यानं शेपटाकडनं सुरुवात केलीय. टीम म्हणजे काय, तर चार-सहा जणांचं टोळकं, एकमेकांच्या गाडीतनं येणारं. निरोप टाकणाऱ्या अनोळखी पोराला ते कशाला घेतील? रविवारी मैदानावर 'वॉक-ऑन' असतो. एकट्यानं नाव नोंदवायचं, बंदूक आणि मुखवटा भाड्यानं घ्यायचा. सकाळी मार्शल, म्हणजे मैदानावरचे पंच, दंडाला रंगीत टेप बांधून दोन बाजू पाडतात, तीच त्या दिवसाची टीम. दुपारी सेफ झोनमध्ये (तिथं गोळी मारायची नसते) खायला बसलं की ज्याच्याशी जमायचं त्याच्याशी जमतं. भाड्याची बंदूक हातात दिसली की लोक आपणहून येऊन विचारतात, पहिल्यांदा आलास काय? नवख्याला याच्याएवढा फायदा दुसरा नाही, आणि हा पठ्ठ्या तोच पैसे देऊन घालवायला निघालाय.

आणखी एक त्याला नीट समजावा. पेंटबॉलसारखा इथं अंगावर रंग उमटत नाही. सहा मिलिमीटरची प्लॅस्टिकची गोळी लागते आणि पडून जाते. लागलेल्यानंच 'हिट' म्हणून ओरडायचं, हात वर करायचा, खिशातलं लाल फडकं डोक्यावर टाकून मागं जायचं. कुणी बघत नसतं. जो गिळून टाकतो त्याला दोन रविवारांत सगळं मैदान ओळखतं, मग त्याला कोण घेणार? उलट नेम कच्चा असला तरी हिट सांगणारं पोरगं पटकन खपतं.

बूट घोट्याच्या वर येणारे घालायला सांगा. मिलिटरीचे कपडे नकोत, जुनी ट्रॅकपॅन्ट चालते.

बंडू

---

प्रेषक: मास्तर (क्रीडा समिती)

> ज्याच्याकडं तो नंबर असेल त्यानं जरा स्वतःच्या नावावर उचलून द्यावी

माई, हे असलं लिस्टवर लिहू नये. मेल कायम राहतात.

दुसरं. मंडळाची स्वतःची एअरसॉफ्ट टीम काढावी असा एक मेल मला खासगीत आलेला आहे, कुणाचा ते सांगत नाही. क्रीडा समितीचा विमा क्रिकेट आणि बॅडमिंटनपुरता आहे. कॅम्पिंगच्या वेळी काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, परत तो विषय नको. ज्याला खेळायचं त्यानं स्वतःच्या जबाबदारीवर, मंडळाचं नाव न लावता खेळावं. मिनीबस फक्त क्रिकेटसाठी आहे.

---

प्रेषक: वहिनी

मास्तर, मिनीबस मागितली कुणी? आणि तो मेल माझाच होता, त्यात लपवण्यासारखं काय आहे? कॅम्पिंगला तंबू कुणी विसरला होता तेही मग लिहा की.

माई, यूकाराचा नंबर माझ्याकडं आहे. (हो, मी खेळते. आमचे हे गाडीत झोपतात.) मी बंदूक घेते आणि धाकट्याला दिवाळीची भेट म्हणून देते. कायद्यात आडकाठी विकण्याला आहे, भेट देण्याला नाही. पैसे पाठवू नका. कुणी येणार असेल तर त्याच्याबरोबर कांदा-लसूण चटणी तेवढी पाठवा.

---

प्रेषक: बंडू

वहिनी, चटणी घेतलीत की ती भेट राहिली नाही.

थट्टा बाजूला. निम्मे पैसे त्यानं आधीच भरलेत, म्हणजे खरेदी त्याची आणि नाव तुमचं. याला भेट कोण म्हणेल? मनापासून, स्वतःच्या पैशानं दिलीत तर गोष्ट वेगळी. पण माईंनी पैसे दिले आणि तुम्ही बंदूक दिली, तर ती विक्रीच. उद्या काही झालं तर दुकानदार तुमचं नाव पुढं करणार. मैदानवाले नंबर देतात ते आपली माणसं ओळखून देतात, त्यांचाही विश्वास जातो.

आत्ताच पाहिजे असेल तर रंगीत घ्या. अर्ध्याहून जास्त भाग भडक निळा, हिरवा, केशरी असला की नंबर लागत नाही. फक्त वय अठरा पाहिजे. मैदानावर तीच गोळी, तोच वेग.

---

प्रेषक: अण्णा (शिवाजी पेठ)

मी सध्या कोल्हापुरात आहे, डिसेंबरात परतणार. मेल वाचून गंमत वाटली. टीम शोधायची असते होय रं? आमच्यात टीम जन्मानं मिळते. ज्या गल्लीत पाळणा हलला त्या तालमीचा. पाटाकडीलच्या पोरानं शिवाजी तरुण मंडळाकडनं फुटबॉल खेळायचं म्हटलं तर घरात दोन दिवस चूल पेटणार नाही. शाहू स्टेडियमवर जाऊन विचारा, 'मी नवीन आहे, मला कुठल्या टीममध्ये घेता?' येड्यात काढतील.

आणि बंदूकच चालवायची तर आपल्या मातीत काय कमी आहे? तेजस्विनी सावंतनं २०१० ला म्युनिकमध्ये जागतिक सुवर्ण घेतलं. राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडला. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ ला पॅरिसमधनं ऑलिंपिकचं ब्राँझ घेऊन आला, त्या दिवशी इथं काय गुलाल उडाला म्हणून सांगू! माई, धाकट्याला दुधाळीच्या रेंजवर घातला असता तर आज ही वेळ नसती.

---

प्रेषक: बंडू

अण्णा, ते वेगळं, हे वेगळं. रेंजवर दहा मीटरला साडेचार मिलिमीटरची शिशाची गोळी असते, कागदावर मारायची. इथं माणसावर मारायची म्हणून प्लॅस्टिक, आणि वेगाला लगाम. सकाळी प्रत्येकाची बंदूक क्रोनोवर, म्हणजे गोळीचा वेग मोजायच्या यंत्रावर, तपासतात, बहुतेक मैदानांवर ०.२० ग्रॅमच्या गोळीला सेकंदाला ३५० फूट. कायद्याची कमाल मर्यादा एकेक गोळी मारणाऱ्या बंदुकीला २.५ ज्यूल आणि ऑटोमॅटिकला १.३. छऱ्याची बंदूक घेऊन कुणी मैदानावर आला तर त्याला फाटकातनंच परत पाठवतात. धाकट्याला तिकडची रायफल इकडं आणायची हौस येऊ नये म्हणून एवढं लिहिलं.

---

प्रेषक: अण्णा (शिवाजी पेठ)

बरं. पण टीम जन्मानं मिळते हे माझं म्हणणं तसंच आहे.

---

प्रेषक: माई (राजारामपुरी, कोल्हापूर)

अण्णा, दुधाळीला घातला होता. आठवड्यात परत आला, म्हणाला एका जागी उभं राहून कंटाळा येतो.

बंडू, रंगीत घ्यायला तो तयार नाही. म्हणतो रंगपंचमीची पिचकारी घेऊन गेल्यासारखं दिसेल, सगळे हसतील. पैसे दुकानातच ठेवून नोव्हेंबरपर्यंत थांबतो म्हणाला, दुकानदार तयार झालाय. पण आता खरी अडचण ऐका. मैदान आहे जंगलात, रविवारी तिकडं बस जात नाही, आणि याच्याकडं गाडी नाही. तीनदा खेळायचं म्हणजे तीनदा जायचं कसं? टॅक्सीचे पैसे ऐकून माझ्या पोटात गोळा आला.

शिवाय उन्हाळ्यात बंदूक इकडं घेऊन येतो म्हणतोय. मित्रांना घेऊन पन्हाळ्यावर खेळणार म्हणे. आणता येते का?

---

प्रेषक: मास्तर (क्रीडा समिती)

मिनीबसबद्दल माझं मत आधीच लिहिलेलं आहे.

---

प्रेषक: अण्णा (शिवाजी पेठ)

पन्हाळ्यावर?? २०२५ ला पन्हाळा जागतिक वारशात गेलाय, आधीपासून पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. तिथं तीन दरवाजापाशी ही पोरं तोंडाला मुखवटे लावून बंदुका घेऊन पळणार? पहिला फोन पोलिसांना मीच करीन. गडावर जायचं तर झुणका-भाकरी खावी आणि खाली यावं.

---

प्रेषक: बंडू

माई, बंदूक तिकडं न्यायचं डोक्यातनं काढून टाका. खरी आहे की खोटी हे विमानतळावरच्या माणसाला लांबून कळत नाही, आणि समजावत बसायची ती जागा नव्हे. इथंसुद्धा सार्वजनिक ठिकाणी कारणाशिवाय नकली बंदूक बाळगणं गुन्हा आहे. मैदानावर जाता-येता ती बंद पिशवीत, बॅटरी काढलेली, मॅगझिन वेगळं. बसच्या सीटवर पिशवी उघडून मित्राला दाखवायची नाही. ही असली पोरं मी बघितलीत.

गाडीचं सोपं आहे. नाव नोंदवताना मैदानवाल्यांना लिहायचं, नवीन आहे, गाडी नाही, अमुक भागात राहतो, येताना कुणी घेईल का. कुणी ना कुणी निघतं, पेट्रोलचे पैसे आपण होऊन द्यायचे. मी स्वतः असाच जायला लागलो आणि ज्यांच्या गाडीत बसायचो त्यांच्याच टीममध्ये आजवर आहे. सकाळी तासभर, संध्याकाळी तासभर एका गाडीत घालवला की माणूस कळतो, त्यालाही आणि आपल्यालाही. टीमची निवड होते ती तिथं. म्हणून टॅक्सी परवडत असली तरी टॅक्सीनं जाऊ नये.

एकच पथ्य. गाडीवाल्याला वाट बघायला लावायची नाही. धाकटा उठतो का वेळेवर?

---

प्रेषक: वहिनी

नाही उठत, गणपतीला मी बघितलंय.

मी नेते त्याला. आमची मागची सीट रिकामी असते, पुढच्यावर हे झोपलेले असतात. पण माझ्या टीममध्ये घेईन असं आत्ताच कबूल करत नाही. आधी त्यानं तीन रविवार भाड्याच्या बंदुकीनं, अनोळखी लोकांच्यात खेळावं. सारखा माझ्या मागं मागं फिरला तर बाकी कुणी त्याच्याशी बोलणार नाही.

चष्मा लावतो ना तो? मग हे वाचायला सांगा. पळून आलं की मुखवट्याच्या आत चष्म्यावर वाफ धरते, समोर नुसतं पांढरं. झाडामागं बसून मुखवटा जरा वर करून पुसावं असं फार वाटतं. अजिबात नाही. डोळ्यावरचं काढायचं ते फक्त सेफ झोनमध्ये. दिसत नसेल तर हात वर करून 'हिट' म्हणायचं, चालत बाहेर यायचं, पुसायचं, परत जायचं. एका डावाचं काय एवढं! आदल्या रात्री काचेला आतनं भांड्याच्या साबणाचा एक थेंब चोळून कोरड्या फडक्यानं पुसून ठेवला तर बराच वेळ वाफ धरत नाही. जाळीचा मुखवटा घेऊ का म्हणून विचारेल. त्याला वाफ धरत नाही खरं, पण गोळी फुटली तर कपचे जाळीतनं आत येतात. काही मैदानांवर चालतो, मी वापरत नाही.

---

प्रेषक: मास्तर (क्रीडा समिती)

वहिनी, तंबूबद्दल आपण मागे बोललो होतो की तो व्हॅनमध्येच होता.

---

प्रेषक: धाकटा

नमस्कार, आईनं मला आज लिस्टवर घातलं. वरचं सगळं वाचलं. येत्या रविवारचं नाव नोंदवलंय, भाड्याच्या सामानासकट. वहिनी, किती वाजता आणि कुठं उभा राहू? जेवण घेऊन यायचं का तिथं मिळतं?

पिचकारी मी म्हणालो नव्हतो, आई म्हणाली होती.

---

प्रेषक: वहिनी

पावणेसात, तुझ्या हॉस्टेलच्या कोपऱ्यावरचा पेट्रोल पंप. सात वाजता मी निघालेली असेन. चपात्या आण, चार जास्तच आण. पाणी दोन बाटल्या, मोजे बदलायला. फोन करून उठवणार नाही.

---

प्रेषक: माई (राजारामपुरी, कोल्हापूर)

तिकडं पावणेसात म्हणजे इकडं सव्वाअकरा, त्याच्या आधीच मी इथनं उठवते. वहिनी, चटणी अण्णांबरोबर डिसेंबरात पाठवते. अण्णा, बॅगेत एक किलोची जागा ठेवा.

---

प्रेषक: अण्णा (शिवाजी पेठ)

अर्धा किलो. पाटाकडीलवाल्यांची चटणी आहे म्हणून.