नाणेसंग्रहाला मर्यादा हवी का? संख्या, साठवण आणि विषय यांविषयी चर्चा

मूळ लेखन : एकमार्गी

नाणी जमवणाऱ्यांमध्ये एक समजूत कोणी उघड बोलून दाखवत नाही, पण मनोमन बहुतेक जण तिला धरून असतात : ज्याच्याकडे नाणी अधिक, तो मोठा संग्राहक. मला ती मान्य नाही. वैयक्तिक संग्रह किती मोठा असावा हे जागेवरून किंवा खर्चाच्या तयारीवरून ठरू नये. वर्षातून दोनदा प्रत्येक नाणे बाहेर काढून, त्याच्या दोन्ही बाजू आणि कड भिंगाखाली पाहून, नोंदवहीतल्या नोंदीशी ते ताडून परत जागेवर ठेवणे ज्याला जितक्या नाण्यांच्या बाबतीत जमेल, तितकाच त्याचा संग्रह असावा. एका नाण्याला ३ मिनिटे धरली, तर ३०० नाण्यांना १५ तास लागतात आणि ३,००० नाण्यांना १५०. कामधंदा सांभाळून छंद जोपासणाऱ्याला पहिला आकडा झेपतो. दुसरा झेपत नाही, म्हणून मग नाणी पाहिलीच जात नाहीत. आणि धातू खराब होण्याची क्रिया इतकी सावकाश चालते, की ती लक्षात येईपर्यंत नाण्याचा पृष्ठभाग गेलेला असतो.

संख्या आवरायची तर विषय आखून घ्यावा लागतो : एक राजवट, एक मूल्य, एक टांकसाळ, किंवा ज्यांवर जहाज कोरलेले आहे अशीच नाणी. मात्र विषय निवडताना त्याला शेवट आहे की नाही हे पाहावे. अमेरिकेने १९९९ ते २००८ या काळात दरवर्षी ५ याप्रमाणे ५० राज्यांची पाव डॉलरची नाणी काढली आणि ती मालिका संपली. याउलट युरोची नाणी व्यवहारात आली तेव्हा, २००२ साली, १२ देश आणि ८ मूल्ये असा ९६ नाण्यांचा आटोपशीर विषय वाटत होता; त्यात मोनॅको, सॅन मरिनो आणि व्हॅटिकनची भर होतीच, पुढे नवे देश आले, राजे आणि पोप बदलले तशा प्रतिमा बदलल्या, आणि २००४ पासून २ युरोच्या स्मारक नाण्यांची रांग सुरू झाली, ती अजून थांबलेली नाही.

अमर्याद संग्रहाचे काय होते याचे ठळक उदाहरण म्हणजे इजिप्तचा राजा फारूक. तो पदच्युत झाल्यावर १९५४ साली कैरोत त्याच्या नाण्यांचा लिलाव झाला. जगात मोजकीच उरलेली नाणी त्यात होती. पण एकूण पसारा इतका मोठा होता की पुष्कळ नाणी गठ्ठ्यागठ्ठ्याने एकेका लॉटमध्ये विकली गेली, आणि त्यांतली कितीतरी घासूनपुसून चकचकीत केल्यामुळे आधीच बिघडलेली होती. जगातली सर्वाधिक साधने हाताशी असलेल्या माणसाची ही स्थिती असेल, तर बाकीच्यांनी आपली मर्यादा आधीच ठरवलेली बरी.

प्रतिसाद १ : सर्वसंचयी

आपला हिशेब बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. एकाच प्रकारची पुष्कळ नाणी एकत्र असल्याशिवाय ज्या गोष्टी कळतच नाहीत, त्यांचा आपण विचार केलेला नाही. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली क्षत्रप राजा नहपान याच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यात १३,००० हून अधिक नाणी होती, आणि त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उठवलेला होता. एखाददुसरे नाणे मिळाले असते तर तो एक चमत्कारिक नमुना ठरला असता. हजारोंच्या संख्येत ते आढळले, म्हणूनच एका राजाने पराभूत शत्रूचे चलन पद्धतशीरपणे आपलेसे केले असे म्हणता आले. तेव्हा कोणी ‘प्रत्येक प्रकाराचे एक नाणे पुरे’ असा विचार करून बाकीची वितळवली असती, तर?

दुसरे असे की आपण ज्याला शेवट असलेला विषय म्हणता, तोही तितका बंदिस्त नाही. ती ५० राज्यांची नाणी फिलाडेल्फिया आणि डेन्व्हर अशा दोन टांकसाळींत चलनासाठी पाडली गेली, म्हणजे १०० झाली. सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीने संग्राहकांसाठी खास प्रूफ नाणी (चकचकीत, विशेष काळजीने पाडलेली) काढली, तीही साध्या मिश्रधातूत आणि चांदीत, म्हणजे आणखी १००. शिवाय २००९ मध्ये राजधानीचा प्रदेश आणि इतर भूभाग यांची ६ नाणी निघाली, ती घ्यायची की नाही हा वाद वेगळाच. विषयाची सीमा आपण आखतो. नाण्यांना ती ठाऊक नसते.

आणि नवख्या माणसाने सुरुवातीलाच विषय निवडावा ही अपेक्षा तर उलटीच आहे. आपल्याला कशात रस आहे हे शंभर तऱ्हेची नाणी हाताळल्यावर कळते. भोक असलेली, बहुकोनी, दोन धातूंची, चुकीच्या ठशाची अशी सगळी सरमिसळ काही वर्षे घरात असू द्यावी, असे मी आवर्जून सांगेन.

प्रतिसाद २ : एकमार्गी

जोगळटेंभीचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. तो साठा बोलका ठरला याचे कारण त्यातली संख्या एवढेच नाही. तो एकत्र सापडला, कुठे सापडला हे कळले, आणि अभ्यासकाने तो पाहून त्याची नोंद प्रसिद्ध केली, हे आहे. निरनिराळ्या विक्रेत्यांकडून, निरनिराळ्या वेळी, कोणतीही टिपणे न ठेवता गोळा झालेल्या ५,००० नाण्यांतून तसे काहीच निष्पन्न होत नाही, कारण त्यांना एकत्र बांधणारी गोष्ट फक्त त्यांच्या मालकाची हौस असते. एकाच नाण्याचे २०० नमुने ठशांतले फरक शोधण्यासाठी कोणी जमवत असेल, तर मी त्याला सर्वसंचयी म्हणणार नाही. त्याचा विषय माझ्याहूनही अरुंद आहे.

नवख्या माणसाविषयीचे आपले म्हणणे मान्य. पण ‘काही वर्षे’ ही सवलत पुढे आयुष्यभर चालू राहते, असे मी पुष्कळ ठिकाणी पाहिले आहे.

प्रतिसाद ३ : खणकप्पे

दोघेही संख्येवर वाद घालत आहेत आणि नाणी ठेवली कशात आहेत हे कोणीच विचारत नाही. माझ्या मते संग्रहाचा आकार शेवटी साठवणच ठरवते, कारण वाईट जागी ठेवलेली ५० नाणी चांगल्या जागी ठेवलेल्या ५,००० नाण्यांपेक्षा लवकर नष्ट होतात.

सर्वांत मोठा घात मऊ प्लॅस्टिकचे अल्बम करतात. ते बहुधा पीव्हीसीचे असतात, आणि पीव्हीसी मुळात कडक असते. ते लवचीक व्हावे म्हणून त्यात मिसळलेली द्रव्ये कालांतराने पाझरतात, शिवाय पीव्हीसी स्वतः विघटित होताना आम्ल सोडते. परिणामी नाण्यावर, विशेषतः तांबे असलेल्या धातूवर, चिकट हिरवट थर चढतो. तो नुकताच आला असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये नाणे बुडवून काढता येतो (नखांचे रंग काढायचे द्रव नव्हे, कारण त्यात तेल आणि सुगंधी द्रव्ये असतात, आणि अ‍ॅसिटोन पटकन पेट घेते, हे ध्यानात ठेवावे). थराखाली आम्लाने धातू खाल्ला असेल, तर मात्र ते खड्डे कशानेही भरून येत नाहीत. पान हाताला मऊ लागत असेल आणि नव्या पावसाळी कोटासारखा वास येत असेल, तर नाणी त्याच दिवशी बाहेर काढावीत.

पुठ्ठ्याच्या चौकटीत मायलरची (पारदर्शक पॉलिएस्टर पटलाची) खिडकी असलेले होल्डर स्वस्त आणि बऱ्यापैकी सुरक्षित असतात. मात्र त्यांच्या पिना गंजतात, आणि उघडताना पिनेचे टोक नाण्यावरून ओढले गेले की कायमचा ओरखडा पडतो. पिना चपट्या दाबून घ्याव्यात, आणि नाणे काढायचे असेल तर आधी सगळ्या पिना काढाव्यात. रबरबँड, लोकर आणि हलक्या प्रतीचा कागद यांतल्या गंधकामुळे चांदी काळी पडते. लाकडी खणांविषयी तर भलताच गैरसमज आहे : लाकूड म्हटले की निर्धोक, असे लोक धरून चालतात. ओकच्या लाकडातून अ‍ॅसिटिक आम्लाची वाफ सुटते आणि शिशाच्या वस्तूंची ती अक्षरशः माती करते. दाबून चिकटवलेल्या भुशाच्या फळ्यांतल्या गोंदातून फॉर्माल्डिहाइड बाहेर पडते. जुने संग्राहक नाण्यांची कपाटे महोगनीची करून घेत, ते काही केवळ दिसायला देखणे म्हणून नव्हे.

उत्खननातून आलेली ब्राँझची नाणी हे वेगळेच प्रकरण आहे. धातूत शिरलेल्या क्लोराइडला ओलावा मिळाला की फिकट हिरव्या, भुकटीसारख्या पुटकुळ्या उठतात आणि नाणे आतून पोखरले जाते. अशा नाण्यांच्या डब्यातली सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली ठेवावी लागते, म्हणजे ओलावा शोषणारे सिलिका जेल, आर्द्रतामापक आणि ते जेल वेळोवेळी सुकवण्याची शिस्त. ज्याला एवढे करायचे नाही त्याने ती नाणी घेऊच नयेत. माझ्या लेखी विषय निवडण्याची खरी कसोटी हीच आहे : आपल्या हवेत कोणता धातू टिकवता येईल?

प्रतिसाद ४ : शिक्कामोर्तब

साठवणीचा प्रश्न प्रमाणित कॅप्सूलने बऱ्याच अंशी सोडवला आहे, हे वरच्या प्रतिसादात यायला हवे होते. नाणी तपासून प्रमाणित करणाऱ्या अमेरिकी संस्थांपैकी पीसीजीएस १९८६ मध्ये आणि एनजीसी १९८७ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून नाणे तपासून, ७० पर्यंतच्या मापावर त्याची प्रत ठरवून, कडक प्लॅस्टिकच्या पेटीत ते बंद करून मिळते. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये हे माप अमेरिकेच्या जुन्या मोठ्या सेंटसाठी मांडले होते, पुढे ते सगळ्याच नाण्यांना लागू झाले. अस्सलपणाची खात्री, हाताच्या घामापासून बचाव आणि वारसांना समजेल अशी चिठ्ठी, या तिन्ही गोष्टी एकदम मिळतात. शिवाय प्रत्येक नाण्यामागे तपासणीचे शुल्क मोजावे लागत असल्याने माणूस दहादा विचार करतो आणि संख्या आपोआप आटोक्यात राहते.

प्रतिसाद ५ : खणकप्पे

पेटीतले नाणे तराजूवर टाकता येत नाही, व्यास मोजता येत नाही, आणि पेटीच्या बनावटीप्रमाणे कडेचा मजकूर अर्धा झाकला जातो. नाण्याच्या अभ्यासात वजन ही पहिली नोंद असते. ती सोयच बंद करून टाकणे हे जतन असेल, पण मग पाहायला उरते ती मुख्यतः चिठ्ठी. महागड्या नाण्यांना, जिथे बनावटीचा धोका मोठा आहे तिथे, पेटी जरूर असावी. सरसकट सगळ्यांना नको. आणि हवा त्या पेट्यांतही शिरते, हेही सांगून ठेवते.

प्रतिसाद ६ : रिकामी जागा

विषय निवडल्याने माणूस विचारपूर्वक जमवू लागतो, असे मूळ लेखात गृहीत धरले आहे. बरेचदा विषय माणसाने निवडलेलाच नसतो, अल्बमने निवडलेला असतो. १९३० च्या दशकात अमेरिकेत सेंटच्या नाण्यांसाठी भोके पाडलेले पुठ्ठे विकले जाऊ लागले. प्रत्येक भोकाखाली वर्ष आणि टांकसाळीची खूण छापलेली असे, आणि त्यानंतर तिथल्या सामान्य घरांत वर्षवार व टांकसाळवार जमवण्याची पद्धत पक्की झाली. भोक रिकामे दिसले की ते भरावेसे वाटते. त्या नाण्याविषयी कुतूहल असो वा नसो.

पूर्णत्वाचा हा ध्यास कुठवर जातो ते लुई एलियासबर्ग यांच्या संग्रहावरून दिसते. अमेरिकेच्या नाण्यांचे तेव्हा माहीत असलेले प्रत्येक वर्ष आणि प्रत्येक टांकसाळ त्यांनी जमवली, आणि कार्सन सिटीच्या टांकसाळीतले १८७३ चे, तारखेजवळ बाण नसलेले, १० सेंटचे एक नाणे १९५० मध्ये मिळाल्यावर तो संग्रह पूर्ण झाला. कामगिरी थोर आहे, यात शंका नाही. पण एकमार्गी, आपल्या व्याख्येप्रमाणे हा शेवट असलेला विषयच ना? त्यात हजारो नाणी होती. म्हणजे विषय आखल्याने संख्या आवरते, हे आपले मूळ गृहीतकच टिकत नाही.

प्रतिसाद ७ : एकमार्गी

एलियासबर्ग यांच्या संग्रहातले प्रत्येक नाणे कोणते आणि कशासाठी तिथे आहे हे ठाऊक होते. फारूकच्या संग्रहाबद्दल तसे म्हणता येत नाही. माझी कसोटी देखरेखीची आहे. ती हजारो नाण्यांच्या बाबतीत कोणी खरोखर पाळत असेल, तर मी त्याला अडवणारा कोण? विषयामुळे संख्या आवरते हे विधान मात्र मी ‘बहुतेकांच्या बाबतीत’ अशा पुरवणीसह कायम ठेवतो. अल्बमच्या भोकांविषयीचे म्हणणे मला पटले. छापील अल्बम टाळून साधे, बिनमजकुराचे होल्डर वापरावेत, म्हणजे कोणते नाणे नाही याची आठवण प्रत्येक पानावर होत नाही.

खणकप्पे यांची धातूची कसोटी मला अपुरी वाटते. दमट हवेत राहणाऱ्याने ब्राँझ घेऊच नये असे म्हटले, तर प्राचीन काळच्या रोजच्या व्यवहारातली बहुतेक नाणी त्याच्या वाट्याला कधीच येणार नाहीत. हवाबंद डब्यात ४० नाणी सांभाळणे कोणालाही जमते. तिथेही प्रश्न पुन्हा संख्येवरच येतो.

प्रतिसाद ८ : सर्वसंचयी

माझा ढीग मी मोडणार नाही, एवढे स्पष्ट सांगतो. देखरेखीची अट मात्र मी वेगळ्या प्रकारे घेईन. ज्या नाण्यांची नोंद झाली आहे, म्हणजे वजन, व्यास, कोणाकडून आणि कधी घेतले, ठशाचा काही विशेष, ती कप्प्यांत राहतील आणि वर्षातून दोनदा पाहिली जातील. बाकीची सरमिसळ दुसऱ्या पेटीत, धातूप्रमाणे वेगळी करून; तिला मी संग्रह म्हणणार नाही, पण टाकूनही देणार नाही. त्या पेटीतून एखादे नाणे वर आले, की ते का वर आले हे नोंदीतच लिहिले जाईल. दुबार नाणी विकून टाका असा सल्ला यापुढे येणारच, म्हणून आधीच सांगतो : दोन नाणी खरोखर दुबार आहेत की नाहीत हे दोन्ही ठसे ताडून पाहिल्याशिवाय ठरत नाही, आणि ते काम माझ्या पेटीत अजून बरेच बाकी आहे.