आईचं मत टपालानं पाठवू की तिला केंद्रावर नेऊ?

उंबरठा:
आई ८६ वर्षांची आहे. गुडघे गेलेत, पण आजवर एकही मतदान चुकवलेलं नाही. या वेळी टपालानं मत पाठवायची सोय मिळतेय, म्हणून मी अर्ज भरायला बसले. तर म्हणाली, "मग मला कोण भेटणार?"

तेव्हापासून तेच डोक्यात आहे. मागच्या वेळी आम्ही पाऊण तास रांगेत होतो. शेजारच्या काकूंशी आईचा दोन वर्षं अबोला होता. दोघींची मतं विरुद्ध, हे सगळ्यांना ठाऊक. त्याच काकू आत जाऊन आईसाठी खुर्ची घेऊन आल्या. बोलल्या काहीच नाहीत. नुसती खुर्ची ठेवली. घरी बसून पाकीट चिकटवताना हे कुठून येणार? पण तिचे हाल करणंही जिवावर येतं. घरून मत देता आलं की निदान टक्का तरी वाढतो का?

हिशेबी:
वाढतोच असं नाही. एस्टोनियात २००५ पासून इंटरनेटवरून मत देता येतं. २०२३च्या संसदीय निवडणुकीत निम्म्याहून जास्त मतं तशीच आली, पण एकूण मतदान २०११ पासून ६३-६४ टक्क्यांच्या आसपासच आहे. स्वित्झर्लंडमधलं तर थेट तुमच्या आईंच्या प्रश्नाशी जुळतं. तिथे टपालाची सोय आल्यावर काय झालं, हे पॅट्रिशिया फंक या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी तपासलं. जिथे लहान लहान गावं जास्त, तिथे मतदान उलट घटलेलं दिसलं. छोट्या गावात कोण आलं, कोण नाही, हे सगळ्यांना दिसतं. त्या दिसण्यासाठीही माणसं घराबाहेर पडत होती.

नुसता टक्काच हवा असेल तर सक्ती. ऑस्ट्रेलियात १९२२ साली मतदान ६० टक्क्यांच्या खाली होतं. १९२४ला कायदा झाला आणि १९२५ला ते ९१वर गेलं. पण सक्तीनं तुमच्या काकू खुर्ची आणतील का, हे आकडे सांगत नाहीत.

चाकांवरून:
मी व्हीलचेअरवर आहे. केंद्राला पाच पायऱ्या होत्या. चौघांनी मला खुर्चीसकट उचलून आत नेलं. सगळे प्रेमानं वागले, पण मत द्यायला आलेला माणूस म्हणून मला आत जायचं होतं, उचललेलं ओझं म्हणून नाही. पुढच्या वेळेपासून मी टपालानं मत देतो. पाकीट बंद करताना एकटं वाटतं, हे मात्र खरं. रांगेबद्दल कुणी आपुलकीनं बोललं की मला त्या पायऱ्या आठवतात.

आणखी एक. घरी मत देताना कुणी खांद्यावरून डोकावत नाही ना, हे बघा. केंद्रात रांग सगळ्यांची असते, पण आडोशामागे माणूस एकटा असतो. घरात तो आडोसा आपल्यालाच करावा लागतो. आईंना खोलीत एकटं बसू द्या, अगदी तुम्हीसुद्धा बाहेर थांबा.

उंबरठा:
हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी तर तिच्या शेजारी बसूनच तो कागद भरून घेणार होते.

आईला दोन्ही वाचून दाखवलं. टपाल नको म्हणाली, केंद्रावरच जाणार. अर्ज बाजूला ठेवलाय. उद्या आधी केंद्रावर जाऊन पायऱ्या मोजून येते.